फोटोच्या पाठीवर लिहिलंय ‘व इतर’ : सांगलीच्या घरातला एक जुना फोटो ओळखायला मदत हवी

गावभागकर

नमस्कार मंडळी. फोटो वर जोडला आहे. जरा सविस्तर लिहिते, कारण थोडक्यात लिहिलं की तुम्ही तेच प्रश्न परत विचारणार.

सांगलीत गावभागात आमचं जुनं घर आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा आमच्या खालच्या खोल्या पाण्यात होत्या. माळ्यावर चढवलेलं सामान वाचलं. कपाटाखाली सरकवलेली पत्र्याची ट्रंक मात्र कुणाच्या लक्षातच आली नाही. पाणी ओसरल्यावर चिखलातून ती बाहेर काढली, उघडली, तर आत फोटोंची वीट झालेली. एक फोटो ओढून बघितला आणि त्यातला चेहरा खालच्या फोटोच्या पाठीला चिकटून राहिला. तो माझ्या आजीचा होता. तिथेच हात आवरला.

पुढे एका जाणकाराच्या मदतीने २३ फोटो सुटे झाले. २२ ओळखले. हा एक राहिला.

फोटोत पुढे तिघं खुर्च्यांवर बसलेत. मधले कोट-टोपीतले माझे आजोबा, त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. गणपती पेठेत त्यांचं भुसारीचं दुकान होतं. उजवीकडे त्यांचे भागीदार, डावीकडे आत्याचे मामा. मागे आठ माणसं उभी, धोतरं, पटके, दोघं उघड्या अंगाने. उजव्या कडेला आठ-दहा वर्षांचा एक पोरगा, त्याच्या हातात कंदील. ऊन असं की सगळ्यांच्या सावल्या पायाशी गोळा झाल्यात आणि हा कंदील धरून उभा. पुढ्यात जमिनीत एक गोल काळं तोंड दिसतं, बाजूला दोराचं वेटोळं आणि पोती. मागे मोठ्या झाडांची रांग, त्या पलीकडे नदी असावी असं वाटतं.

पाठीवर शाईत लिहिलंय : ‘डावीकडून – मामा, अण्णा, शेठजी. मागे – व इतर.’ खाली अर्धवट पुसलेला शिक्का.

माझी आत्या ८४ वर्षांची आहे, मिरजेला असते. ती म्हणते, विहिरीचं उद्घाटन असेल. पण विहीर कुठली, हे तिला आठवत नाही.

मला तीन गोष्टी हव्यात. ठिकाण, साल आणि मागच्या आठ जणांची नावं. तिसरी मिळणं अवघड आहे, तरी मला सगळ्यांत जास्त तीच हवी आहे. अण्णांचे आमच्याकडे आणखी सहा फोटो आहेत. त्या आठ जणांचा कदाचित हा एकच असेल.

---

संगमावरचा

ताई, हे शंभर टक्के आमचं माहुली आहे. साताऱ्याजवळ कृष्णा आणि वेण्णा मिळतात ते. नदीकाठची झाडं, पुढची मोकळी जागा, सगळं ओळखीचं वाटतंय. माझं लहानपण क्षेत्र माहुलीत गेलं. नदीपात्राच्या कडेला राजघराण्यातल्या लोकांच्या समाध्या आहेत, पावसाळ्यात वाळूखाली जातात, उन्हाळ्यात पुन्हा वर येतात. थोरल्या शाहू महाराजांच्या कुत्र्याची समाधी आम्ही पोरं पाहुण्यांना हात धरून दाखवायला न्यायचो. रामशास्त्री प्रभुणे याच गावचे.

विहिरीचं म्हणाल तर सातारा भागात विहिरींना तोटा नाही. लिंबची बारा मोटांची विहीर तर जगजाहीर आहे, तिचं बांधकाम १७१९ ते १७२४ मधलं. तुमच्या फोटोतली त्यामानाने छोटीच दिसते.

---

दप्तरखाना

गावभागकर ताई, पाठीमागच्या शिक्क्याचा वेगळा, मोठा फोटो टाकाल का? फोटोत काय आहे याच्या आधी मी नेहमी पाठ बघतो.

---

गावभागकर

टाकलाय. मला ‘…टो स्टु…’, ‘सांगली’ आणि त्यापुढे ‘द. सा…’ एवढंच लागतंय. ‘द.’ म्हणजे कुणाच्या नावाचं आद्याक्षर असेल का?

---

दप्तरखाना

नाही ताई, नाव नाही ते. ‘द. सातारा’ आहे, दक्षिण सातारा! तुमचं सालाचं निम्मं काम या दोन अक्षरांनी केलं.

नव्या मंडळींसाठी सांगतो. १९४८ पर्यंत सांगली हे पटवर्धनांचं संस्थान. तेव्हाच्या शिक्क्यांवर ‘सांगली संस्थान’ किंवा ‘सांगली स्टेट’ असायचं. संस्थानं विलीन झाली आणि १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्यातले तासगाव, वाळवा, खानापूर वगैरे तालुके आणि आजूबाजूचा संस्थानी मुलूख मिळून नवा जिल्हा केला. त्याचं नाव दक्षिण सातारा. नोव्हेंबर १९६० मध्ये ते बदलून सांगली झालं. म्हणजे ‘जि. द. सातारा’ हा पत्ता जेमतेम अकरा वर्षं चालला. जुनी पाकिटं, लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, वह्यांची कव्हरं, कुठेही हे दिसलं की समजायचं, १९४९ ते १९६०. शिक्का संपेपर्यंत एखाद्याने वर्ष-दोन वर्षं पुढे वापरला असेल, तेवढी सूट द्यायची.

माहुलीबद्दल : स्टुडिओ सांगलीचा आहे. त्या काळात सांगलीचा फोटोग्राफर कॅमेरा, तिकाटणं, काळं कापड घेऊन एका ग्रुप फोटोसाठी साताऱ्यापर्यंत गेला असेल, असं वाटत नाही. अशक्य नाही, पण मी आधी सांगलीच्या पाच-सहा मैलांत शोधेन.

---

संगमावरचा

शिक्क्याचं मान्य. तरी झाडं माझ्या ओळखीची आहेत, एवढं म्हणतो.

---

डार्करूम

मी ३१ वर्षं स्टुडिओत काढली, त्यातली निम्मी अंधारात. त्यामुळे दोन शब्द.

फोटोच्या मापावरून ही हाफ प्लेट दिसते, त्या मापाची काचेची निगेटिव्ह. म्हणजे निगेटिव्ह जेवढी, तेवढाच फोटो. काच कागदावर ठेवायची, उजेड द्यायचा, झालं. त्यात मोठा करण्याची भानगड नसते, म्हणून असल्या फोटोत अफाट बारकावा असतो. घरच्या छोट्या कॅमेऱ्याच्या फोटोत चेहरा वाढवला की दाणे दिसतात, यात मिशीचे केस दिसतील. ताई, १२०० डीपीआयला स्कॅन करा, टिफ फाइल ठेवा. आणि इथे पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो सगळा बारकावा वाटेतच मरतो.

आता पुराचं. आमच्या भागात दर पुरानंतर लोक डोळ्यांत पाणी आणून अल्बम घेऊन यायचे, आणि निम्म्या वेळा नुकसान पुराने कमी आणि घरच्यांनी घाईने जास्त केलेलं असायचं. म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो.

ओले फोटो कधीही ओढून सोडवू नका. फोटोवरचा थर सरसासारखा असतो, जिलेटिनचा. भिजला की फुगतो, मऊ होतो आणि ज्याला टेकेल त्याला चिकटतो. चिकटलेली वीट तशीच स्वच्छ गार पाण्यात ठेवा. हळूहळू आपोआप सुटायला लागतात. सुटले की चित्राची बाजू वर करून टिपकागदावर किंवा स्वच्छ मलमलीवर सावलीत वाळवायचे. उन्हात नाही, इस्त्रीने नाही, हेअर ड्रायरने तर अजिबात नाही. चित्राला बोट लावायचं नाही. ढीग मोठा असेल आणि आज जमणार नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा. बर्फात बुरशी येत नाही, महिन्याने सवडीने काढता येतं. काचेला चिकटलेला फ्रेममधला फोटो असेल तर काचेसकटच स्कॅन करा, काढायला जाऊ नका.

आणि कृपा करून लॅमिनेशन करू नका. शेकडो लोकांनी आईवडिलांचा एकुलता एक फोटो ‘टिकावा म्हणून’ लॅमिनेट करून आणलेला मी पाहिलाय. आत अडकलेली ओल तशीच राहते, पिवळेपणा वाढत जातो आणि ते प्लास्टिक परत निघत नाही. चिकट पानांचे अल्बमही तसलेच. पाठीवर नावं लिहायची तर मऊ पेन्सिलने. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.

---

मीटरगेज

साल ठरवण्यावरून आठवलं. फोटोत रूळ असतील तर रुंदी बघा. पुणे-मिरज मार्ग सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत मीटरगेज होता, मग ब्रॉडगेज झाला. मिरज जंक्शनचे असे दोन फोटो मी फक्त रुळांवरून लावलेत. सांगलीच्या नदीचा फोटो असेल तर आयर्विन पूल आहे की नाही ते बघायचं. पूल १९२९ चा. पूल नसून होड्या असतील तर त्याआधीचा. गाडीचा नंबर एमएच १० किंवा ११ असेल तर १९८९ नंतरचा, त्याआधी वेगळ्या अक्षरांचे नंबर होते.

---

कुंडलचा नातू

‘व इतर’ वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. विषयाला थोडं सोडून आहे.

आमच्या घरी एक ग्रुप फोटो आहे, त्याला भोक आहे. तालमीतल्या पोरांचा फोटो, साधारण १९४० चा. दुसऱ्या रांगेत एका माणसाच्या धडावर डोकं नाही, तिथे कात्रीने कापलेलं गोल भोक. लहानपणी मला वाटायचं उंदराने खाल्लं. आजी गेली त्या वर्षी वडिलांनी सांगितलं. प्रतिसरकारच्या काळात, १९४३ ते ४६, आमचे थोरले आजोबा भूमिगत होते. घरावर पोलिसांच्या धाडी पडायच्या. पोलिसांना चेहरा माहीत नव्हता आणि घरात चेहरा असलेली एकच वस्तू होती, हा फोटो. आजीने अख्खा फोटो चुलीत घालायला घेतला. पण त्यात तिचा भाऊही होता आणि तो तोवर प्लेगने वारलेला होता. म्हणून तिने दिराचा चेहरा तेवढा कापून चुलीत टाकला आणि भावाचा फोटो राखला.

थोरल्या आजोबांचा दुसरा फोटो कधी निघाला नाही. बाहेर आल्यावरही ते म्हणायचे, कशाला. त्यामुळे आमच्याकडे त्यांचं चित्र म्हणजे ते भोक. क्रांतिसिंह नाना पाटलांचे फोटो सगळीकडे आहेत. पण त्यांना भाकरी पोचवणाऱ्या, निरोप नेणाऱ्या माणसांचे फोटो आमच्या भागात फारसे सापडत नाहीत, आणि त्याचं हेही एक कारण आहे. तेव्हा फोटो नसणंच बरं होतं.

---

दप्तरखाना

नातू, तो फोटो स्कॅन करून ठेवा आणि ही हकीकत त्याच्यासोबत लिहून ठेवा. तुमच्या पुढच्या पिढीला तिथे नुसता उंदीर दिसेल.

---

रंगीत आठवणी

सर्वांना नमस्कार. ताईंचा फोटो मी अ‍ॅपमध्ये टाकून स्वच्छ आणि रंगीत करून आणलाय. डाग, ओरखडे गेले, चेहरे उजळले. आत्यांना दाखवा, त्यांना आवडेल.

---

गावभागकर

मनापासून आभार. आत्याला दाखवला, ती खूष झाली. अण्णांचा कोट मात्र तिने लगेच धरला. म्हणाली, कोट काळा होता, निळा नव्हे. पोत्यांच्या पुढे जो ढीग आहे तो अ‍ॅपने मातीच्या रंगाचा केलाय. बटाटे असावेत असं दिसतं.

---

डार्करूम

मेहनत दिसते, पण एक विनंती. असं रंगवलेलं चित्र मूळ म्हणून कुणीही पुढे पाठवू नका. कृष्णधवल फोटोत रंग कळत नाही. अ‍ॅप अंदाजाने भरतं, आणि दहा वर्षांनी तोच अंदाज पुरावा म्हणून फिरतो. आमच्या वेळी हाताने फोटो रंगवायचे, गालावर गुलाबी, साडीला हिरवा. पण तेव्हा गिऱ्हाईक समोर बसून सांगायचं, साडी कुठल्या रंगाची होती.

दुसरं. मूळ स्कॅनमध्ये उभ्या माणसांतल्या उजवीकडून दुसऱ्याच्या पटक्यावर एक बारीक पांढरी रेघ आहे, तिरपी. निगेटिव्हवरचा ओरखडा असावा. अ‍ॅपने ती पुसून टाकली. मी असतो तर ओरखडासुद्धा राहू दिला असता. मूळ आहे तसं ठेवायचं, जे करायचं ते प्रतीवर.

डावीकडच्या पोत्याला टेकवलेली पाटी मोठी करून बघा. त्यावर आकडा आणि ‘मण’ लागतंय. किलोची सक्ती १९६२ ची, वापर १९५८ पासून सुरू झाला. मोंढ्यात मण तोंडी पुढेही चालू होता, त्यामुळे हा ठाम पुरावा नाही. पण दक्षिण साताऱ्याशी जुळतंय.

---

हरिपूरची लेक

मी इथे फक्त वाचते, लिहीत नाही. पण हा फोटो बघून सकाळपासून जिवाला स्वस्थता नाही, म्हणून लिहायला बसले.

ताई, ती विहीर नाही. ते पेव आहे. हळदीचं पेव.

विहिरीला कठडा असतो, रहाट असतो, निदान पाणी उपसायची काहीतरी सोय असते. तुमच्या फोटोत नुसतं जमिनीत तोंड आहे, एक माणूस कसाबसा उतरेल एवढंच. कडेला ओल्या मातीचा लगदा पडलाय बघा, तो तोंड लिंपलेला थर आहे, नुकता फोडलेला. पेवाचं तोंड अरुंद आणि पोट मोठं, रांजणासारखं. आतून शेणाने सारवलेलं, पाला घातलेला. त्यात हळद भरायची, तोंड बंद करून मातीने लिंपायचं, मग ती तिथे वर्षानुवर्षं राहायची. कीड लागत नाही, उलट रंग चढतो. सांगलीला हळदीची एवढी मोठी पेठ उभी राहिली त्यात आमच्या हरिपूरच्या मातीचा वाटा मोठा आहे, पण फोटो काढतात ते पेठेचे.

तो कंदील! तुम्ही सगळे साल शोधताय आणि मला पहिल्यांदा तो कंदीलच दिसला. पेव फोडलं की लगेच आत उतरायचं नसतं. आत हवा कुजलेली असते, माणूस गुदमरतो. आधी तोंड उघडं ठेवायचं, मग दोराला कंदील बांधून आत सोडायचा. कंदील विझला तर थांबायचं. तेवत राहिला तरच माणूस उतरणार. म्हणून दुपारी बारा वाजता त्या पोराच्या हातात कंदील आहे. ते पोरगं कुणाचं, हेही मला कळेल असं वाटतंय, कारण कंदील धरायला आत उतरणाऱ्याच्याच घरचं पोर उभं करायचे. आमचे आजोबा म्हणायचे, परक्याचं लक्ष कंदिलावरून हलतं.

मागची झाडं चिंचेची आहेत. सांगलीहून हरिपूरला येताना दुतर्फा चिंचा आहेत, जुन्या. पलीकडे कृष्णा, आणि थोडं पुढे गेलं की वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ. श्रावणी सोमवारी आत्या कधी आल्या असतील तर त्यांना रस्ता आठवेल. नाटककार देवल याच गावचे.

आणि रंगीत फोटोतला तो मातीचा ढीग म्हणजे हळद आहे. माझी आई पेवावर हळद निवडायला जायची. संध्याकाळी ती भाकरी थापायला बसली की पिठावर पिवळी बोटं उमटायची. ते हात धुऊन जात नाहीत.

आता पेवं फार राहिली नाहीत. २००५ च्या पुराने बरीच खाल्ली. पाणी आत गेलं की पेव ढासळतं, हळदीसकट.

---

संगमावरचा

ताई, मी चुकलो आणि आनंदाने मान्य करतो. नदी कृष्णाच होती, संगमही होता, फक्त मी शंभर किलोमीटर वरचा धरून बसलो. चिंचेच्या झाडांनी मला फसवलं, आमच्याकडेही तशीच आहेत. कंदिलाचं वाचून अंगावर काटा आला. एवढे दिवस फोटो बघतोय, पण तो कंदील का, हे मनात आलं नाही.

---

दप्तरखाना

हरिपूरच्या ताई, तुम्ही जे लिहिलंत ते एखाद्या गॅझेटियरमध्ये सापडत नाही. पेवाची खोली, हळदीचा भाव मिळेल. ‘परक्याचं लक्ष कंदिलावरून हलतं’ हे मिळणार नाही. आणखी जे आठवतं ते लिहा, नाहीतर फोनवर रेकॉर्ड करून ठेवा.

---

शिवसागरपलीकडे

आमचं मूळ गाव कोयनेच्या खोऱ्यात, बामणोलीच्या बाजूला. आता शिवसागर जलाशयाखाली आहे. धरण भरायला लागलं तसं गाव उठलं आणि माणसं फुटली. काही वरच्या डोंगरात सरकली, काही लांब कुठे कुठे गेली. गावाचा एकच फोटो शिल्लक आहे, शाळेच्या ओसरीवर बसलेल्या पोरांचा. त्यामागे देवळाचा कोपरा दिसतो, हातभर. आमच्या गावाचं जगात उरलेलं बांधकाम तेवढंच.

११ डिसेंबर १९६७ ला पहाटे भूकंप झाला तेव्हा हा फोटो पाटणला चुलत्यांच्या भिंतीवर होता. काच फुटून आडवी चीर गेली, तिचा ओरखडा एका मुलाच्या कपाळावर आहे. तो मुलगा माझे वडील. काच बदलली, फोटो बदलला नाही.

मी गेल्या वर्षी हा फोटो घेऊन उठलेल्या गावच्या लोकांकडे हिंडलो. १९ पोरांपैकी १४ नावं मिळाली. एक गोष्ट अनुभवाने सांगतो. नुसतं ‘हे कोण?’ विचारलं तर म्हातारी माणसं ‘आठवत नाही बाबा’ म्हणतात, त्यांना परीक्षा दिल्यासारखं वाटतं. मी विचारायला लागलो, ‘याच्या शेजारी कुणाचं घर होतं?’ मग घर आठवतं, घरावरून गोठा, गोठ्यावरून बैलाचं नाव, आणि बैलावरून माणूस. आमच्या एका आजीला मुलाचं नाव आठवेना पण त्यांच्या बैलाचं आठवलं, आणि दोन दिवसांनी मध्यरात्री तिने सुनेला उठवून मुलाचं नाव सांगितलं.

ताई, मोठी प्रिंट घेऊन जा. मोबाइलवर दाखवू नका. म्हाताऱ्या माणसांना प्रिंट हातात धरायची असते.

---

गावभागकर

उशिरा लिहितेय, माफ करा. मध्ये बरंच घडलं.

आधी आत्या. ‘हरिपूर’ म्हटल्याबरोबर ती म्हणाली, ‘अगं, पेवाची हळद!’ मग सगळं बाहेर आलं. अण्णा आणि शेठजी यांनी भागीत हळद घेतली होती, भाव येईना म्हणून तीन वर्षं पेवात ठेवली आणि पेव फोडलं त्या दिवशी फोटोग्राफर बोलावला. फोटोतले मामा तिच्या लग्नाआधी वारले आणि लग्न १९५७ चं. म्हणजे फोटो १९४९ ते ५७ मधला. इथपर्यंत आपण आलो.

गेल्या रविवारी मी बारा बाय अठराची प्रिंट घेऊन हरिपूरला गेले. हरिपूरची लेक सोबत होत्या, त्यांच्याशिवाय मला कुणी ओसरीवर चढू दिलं नसतं. तीन घरांत काहीच मिळालं नाही. चौथ्या घरात एक आजी होत्या, नव्वदीला टेकलेल्या. एका डोळ्याने कमी दिसतं. नातवाने प्रिंट त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी चेहरे बघितलेच नाहीत. बोट फिरवत फिरवत उजवीकडून दुसऱ्या माणसाच्या पटक्यावर आणलं आणि थांबल्या.

‘ह्ये दाभण हाय.’

डार्करूम काका, तो ओरखडा नव्हता. पोती शिवायचं दाभण होतं ते. आजींचे वडील पेवावर उतरायचे आणि पोतीही शिवायचे. दाभण हरवू नये म्हणून पटक्याच्या पेचात खोचून ठेवायचे. त्यावरून बायको त्यांना बोलायची की कधीतरी पोरांच्या डोळ्यात जाईल. आजींना वडिलांचा चेहरा नीट दिसत नव्हता. दाभण दिसलं. मी नेलेली प्रिंट मूळ स्कॅनची होती. रंगीत केलेली नेली असती तर तिथे काहीच नव्हतं.

मग कंदीलवाला पोरगा. तो आजींचा धाकटा भाऊ. तो आता नाही. आजींनी बोट त्याच्या चेहऱ्यावर ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही. त्यांच्या घरात वडिलांचा एकही फोटो नव्हता. भावाचा होता, पण लग्नातला, मिशा फुटल्यानंतरचा.

तिथे बसल्या बसल्या त्यांनी आणखी तीन माणसं सांगितली. एक त्यांच्या चुलत्यांचा मेहुणा, बाकी दोघं नदीपलीकडून कामाला यायचे. नावं इथे लिहीत नाही, दोन घरच्यांना अजून विचारायचंय. फोटोच्या पाठीवर मात्र लिहिली. मऊ पेन्सिलने, हलक्या हाताने, ‘व इतर’च्या खाली, उजवीकडून डावीकडे. पोराचंही लिहिलं आणि पुढे कंसात ‘कंदील’.

प्रिंट आजींकडे ठेवून आले. नातू फ्रेम करतो म्हणाला, त्याला लॅमिनेशन करू नकोस एवढं तीनदा बजावलं.

अजून चार जण राहिलेत. उभ्यांपैकी डावीकडून पहिला, दुसरा, चौथा आणि पाचवा. पाचव्याच्या डाव्या दंडावर गोंदण आहे, १२०० च्या स्कॅनमध्ये दिसतं, हनुमान असावा. हरिपूर, अंकली, सांगलीवाडी, म्हैसाळ या बाजूला कुणाच्या घरात पेवावर काम केलेले आजोबा असतील आणि दंडावर हनुमान गोंदलेला आठवत असेल, तर मला निरोप करा. मी प्रिंट घेऊन येते.

---

डार्करूम

ताई, दाभणाचं वाचलं. माझ्याकडे जुन्या गिऱ्हाइकांच्या न नेलेल्या निगेटिव्हची दोन खोकी आहेत, १९७० पासूनची. उद्या खाली काढतो.

---

शिवसागरपलीकडे

अंकलीला माझी मावशी असते. तिच्या सासऱ्यांच्या दंडावर गोंदण होतं एवढं नक्की आठवतंय, हनुमान की दुसरं काही ते विचारतो. आज रात्रीच फोन करतो.